मूरबाईंचे दार

मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांचे बोट धरून. वडील दरबारी गवई. पुस्तकांशी त्यांचा संबंध बेताचाच. परंतु दुपारच्या रियाझात मी लुडबूड करू नये म्हणून ते मला मुलांच्या विभागात आणून सोडीत आणि दिवेलागणीला परत नेत. तेथल्या बाईंनी पहिल्या दिवशी माझे नाव-गाव काही विचारले नाही. माझे हात तेवढे उलटेपालटे करून पाहिले, नळाकडे पाठविले आणि धुऊन आल्यावर कपाटाकडे बोट केले. त्या कपाटाला कुलूप नव्हते. मला त्याचे भारी नवल वाटले. कारण आमच्या घरी वडिलांच्या चिजांच्या वह्या एका शिसवी पेटीत असत आणि त्या पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला असे.

ही आठवण आज सांगण्याचे कारण असे की, मुलांना कपाट मोकळे करून द्यावे ही गोष्ट आपल्याला आता वाटते तेवढी साधी कधीच नव्हती. ती करून दाखविण्यासाठी जन्म वेचलेल्या माणसांत अमेरिकेतील ॲन कॅरोल मूर यांचे नाव फार वरचे आहे. सार्वजनिक ग्रंथालयातील मुलांच्या विभागाचे काम कसे करावे, हे ज्यांनी जवळजवळ घालून दिले, त्या या मूरबाई. त्यांचे चरित्र वाचताना मला पुस्तकांपेक्षा आमच्या गाण्याच्या घराण्यांचीच आठवण अधिक झाली. का झाली, ते ओघाने येईलच.

मूरबाईंचा जन्म 12 जुलै 1871 रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन प्रांतातील लिमरिक या लहानशा गावी झाला. सात थोरल्या भावांच्या पाठीवरची ही धाकटी बहीण. वडील वकील. ते मुलीला मांडीवर घेऊन वाचून दाखवीत. त्या काळी स्त्री-वकील ही गोष्ट विरळा होती, तरी या मुलीने वडिलांच्याच कचेरीत बसून कायदा शिकावयाचा असा निश्चय केला आणि शालेय शिक्षण आटोपून ती तशी बसूही लागली. पण 1892 साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई आणि वडील दोघेही पाठोपाठ गेले. कायद्याचे शिक्षण जागच्या जागी थांबले. तेवढ्यात एका भावाची बायको गेली आणि त्याची पोरकी मुले सांभाळण्याचे काम या अविवाहित बहिणीकडे आले. मुलांच्या सहवासाचा पहिला धडा तिने असा घरातच, दुःखाच्या दिवसांत गिरविला.

पुढे काय करावे हा प्रश्न होताच. ग्रंथपालाचे काम हा स्त्रियांसाठी त्या वेळी नुकताच खुला होत असलेला मार्ग होता. 1895 साली त्या ब्रुकलिन येथील प्रॅट संस्थेच्या ग्रंथालय-विद्यालयात दाखल झाल्या. ब्रुकलिन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सामील झालेले नव्हते, ते स्वतंत्र शहर होते. विद्यालयाच्या प्रमुख मेरी राइट प्लमर या दूरदृष्टीच्या बाई होत्या. संस्थेच्या नव्या इमारतीत त्यांनी खास मुलांसाठी म्हणून एक खोली राखली होती आणि 1896 साली शिक्षण पूर्ण होताच ती खोली त्यांनी मूरबाईंच्या स्वाधीन केली. बाईंचे वय तेव्हा पंचवीस.

त्या वेळच्या ग्रंथालयांची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या खोलीचे महत्त्व कळावयाचे नाही. बहुतेक ठिकाणी बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलाला आत प्रवेशच नसे. मोठ्यांच्या शांततेचा भंग होईल, पुस्तके फाटतील, नको ते वाचतील, अशी कारणे दिली जात. प्रवेश मिळालाच तर पुस्तक मागावयाचे ते खिडकीतून. कारकुनाने काढून द्यावे आणि मुलाने मुकाट्याने घ्यावे. स्वतः कपाटापाशी उभे राहून हे पाहू की ते पाहू असे चाळण्याचे सुख त्याला नव्हते. भिंतीवर मौन पाळण्याच्या पाट्या असत.

मूरबाईंनी प्रथम काय केले, तर त्या बाहेर पडल्या. आसपासच्या बालवाड्या, शाळा त्यांनी पाहिल्या, वस्त्यांतून हिंडल्या, मुले रस्त्यावर काय करतात ते न्याहाळले आणि मग खोलीची मांडणी केली. मुलांच्या उंचीची टेबले आणि खुर्च्या, हात पोचेल अशी उघडी कपाटे, खिडकीपाशी बसून वाचण्याच्या जागा, भिंतीवर चांगली चित्रे, फुलदाणीत ताजी फुले. ठरलेल्या वेळी गोष्ट सांगण्याचा कार्यक्रम. इंग्लंडहून आलेल्या मेरी शेडलॉक या कथाकथनकार बाईंचे कथन त्यांनी ऐकले आणि तोंडी सांगितलेली गोष्ट हेच पुस्तकाकडे नेणारे खरे दार आहे, अशी त्यांची खात्री पटली. यात मला काही नवे वाटले नाही. आमच्याकडे कीर्तनकार बुवा हेच करीत आले. परंतु ग्रंथालयाच्या नोकरीचा एक भाग म्हणून, रोजच्या कामात बसवून, हे करणे निराळे.

दहा वर्षे हे काम केल्यावर 1906 साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे संचालक डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी त्यांना बोलावून घेतले आणि शहरातील सर्व शाखांच्या बालविभागांची देखरेख त्यांच्याकडे सोपविली. पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांनी 1901 साली शाखा बांधण्यासाठी 52 लाख डॉलरची देणगी दिली होती आणि वस्त्यावस्त्यांतून नव्या इमारती उठत होत्या. इमारती होत्या, पण मुलांशी वागावयाचे कसे हे जाणणारी माणसे नव्हती. मूरबाईंनी ती तयार केली. मुलांच्या विभागात नेमावयाच्या व्यक्तीसाठी त्यांनी वेगळा शिक्षणक्रम आखला, वेगळी परीक्षा ठेवली. त्यांची शिकवण चार आदरांत सांगता येते. मुलाविषयी आदर, मुलांच्या पुस्तकांविषयी आदर, सहकाऱ्यांविषयी आदर आणि आपल्या या पेशाविषयी आदर. शेवटचा आदर मला विशेष वाटतो. मुलांना शिकविणारा म्हणजे कमी दर्जाचा, ही समजूत आमच्या गाण्याच्या क्षेत्रातही आहे. बैठक मारणारा तो गवई आणि सरगम घोटवून घेणारा तो मास्तर.

येथे बडोदेकरांनी एक योग ध्यानात घ्यावा. ज्या 1906 साली मूरबाई न्यूयॉर्कला आल्या, त्याच साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात लागू केले. अमरेली महालातील दहा गावांत 1893 साली सुरू केलेला प्रयोग तो असा सर्वत्र पसरला. शिकलेले मूल शाळा सुटल्यावर अक्षर विसरू नये, म्हणून पुढचे पाऊल ग्रंथालयांचे. 1910 साली महाराजांनी अमेरिकेतील कनेक्टिकटहून विल्यम ॲलनसन बॉर्डन यांना बोलाविले आणि 1913 पर्यंत त्यांनी येथे ग्रंथालय खात्याची घडी बसविली. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, महाराजांचा खाजगी संग्रह त्यात आला, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या, आणि मुलांसाठी व स्त्रियांसाठी वेगळे विभाग निघाले. ज्या हवेत मूरबाई वाढल्या तीच हवा बॉर्डनसाहेबांबरोबर मांडवीपर्यंत आली होती असे म्हणावयास हरकत नाही. माझे हात धुवून घेणाऱ्या बाई कुणाचे ऋण फेडीत होत्या, हे त्यांना ठाऊक नसेल. मलाही तेव्हा कोठे ठाऊक होते!

कारण हात धुण्याची चाल मूरबाईंचीही होती. त्यांच्या बालविभागात एक मोठी काळ्या बांधणीची वही असे. पुस्तक घरी नेऊ इच्छिणाऱ्या मुलाने तीत आपल्या हाताने नाव लिहावयाचे. पुस्तकाची नीट काळजी घेईन आणि ग्रंथालयाचे नियम पाळीन, असे वचन त्या सहीबरोबर दिले जाई. ज्या मुलाला नीट लिहिता येत नसे, ते घरून सराव करून येई. आमच्याकडे उस्ताद शागिर्दाला गंडा बांधतात, त्यातलाच हा प्रकार. दोरा बांधला की मूल एका दिवसात मोठे होते. आपल्यावर कुणी विश्वास टाकला आहे, हे त्याला कळते.

23 मे 1911 रोजी फिफ्थ ॲव्हेन्यूवरील ग्रंथालयाच्या संगमरवरी महालाचे उद्घाटन झाले. त्या भव्य वास्तूत मूरबाईंनी मुलांची मध्यवर्ती खोली सजविली. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बोटी भरभरून परदेशी कुटुंबे येत होती. इटालियन, रशियन, पोलिश, ज्यू. त्यांची मुले शाळेत इंग्रजी शिकत आणि घरच्या भाषेची त्यांना लाज वाटू लागे. मूरबाईंनी त्यांच्या भाषांतील पुस्तके कपाटात ठेवली, त्यांच्या देशांतील गोष्टी सांगविल्या, त्यांचे सणवार साजरे केले. पिढ्यान् पिढ्या गुजराती मुलखात राहून घरात मराठी जपणाऱ्या आपल्या कुटुंबांना याचे मोल निराळे सांगावयास नको. 1913 पर्यंत न्यूयॉर्कच्या शाखांतून वाचकांनी घरी नेलेल्या पुस्तकांपैकी एकतृतीयांश पुस्तके मुलांची होती. ज्यांना दारात उभे करीत नसत, त्यांनी सात-आठ वर्षांत घराचा तिसरा हिस्सा व्यापला!

त्यांच्या हाताखाली आणि त्यांनी घालून दिलेल्या चाकोरीत नामांकित माणसे घडली. पोर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे 1921 साली हार्लेममधील शाखेत रुजू झाल्या आणि आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी स्पॅनिशमध्ये व इंग्रजीत सांगू लागल्या. त्याच शाखेत 1937 साली ऑगस्टा बेकर ही कृष्णवर्णी तरुणी आली. तिने काळ्या मुलांना ज्यात आपला चेहरा सन्मानाने पाहता येईल अशा पुस्तकांचा संग्रह उभा केला.

आता मूरबाईंची सत्ता ग्रंथालयाबाहेरही पसरली. 1918 पासून त्या मुलांच्या पुस्तकांची परीक्षणे नियमाने लिहू लागल्या. मोठ्यांच्या पुस्तकांप्रमाणेच मुलांच्या पुस्तकाचीही गंभीर समीक्षा व्हावी, हा प्रघात पाडणाऱ्यांत त्या अग्रेसर. 1924 पासून एका मोठ्या दैनिकात त्यांचे सदर चाले. 1921 साली इंग्लंडला जाऊन त्या बीट्रिक्स पॉटर या प्रसिद्ध लेखिकेला भेटल्या आणि दोघींचा स्नेह जडला. निकोलस नावाची एक लहानशी लाकडी बाहुली त्या बरोबर बाळगीत आणि तिच्या तोंडून मुलांशी बोलत. तिच्यावर त्यांनी 1924 साली पुस्तकही लिहिले. प्रकाशक नवे पुस्तक छापण्यापूर्वी त्यांचा सल्ला घेत. त्यांनी मान डोलावली की देशभरची ग्रंथालये पुस्तक घेत. त्यांनी नाक मुरडले की पुस्तक पडलेच म्हणून समजावे. त्यांच्या मेजावर एक रबरी शिक्का असे. तज्ज्ञाच्या मते खरेदीस अयोग्य, अशा अर्थाची अक्षरे त्यावर होती.

चरित्रातला हा भाग वाचताना मी थबकलो. कपाटाचे कुलूप काढणाऱ्या बाईंच्या हातात आता किल्ली आली होती.

झाले असे की काळ बदलला. न्यूयॉर्कमध्येच लूसी स्प्रेग मिचेल या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1921 साली एक वेगळा विचार मांडला. लहान मुलाला परी आणि राजकन्येपेक्षा आपल्या खोलीतला दिवा, रस्त्यावरची गाडी, खिडकीतला पाऊस अधिक अद्भुत वाटतो. त्याला इथल्या आणि आताच्या जगातल्या गोष्टी सांगा, असे त्यांचे म्हणणे. मूरबाईंचा जीव जुन्या परीकथांत, लोककथांत. त्यांना हा विचार रुक्ष वाटला. मिचेलबाईंच्या तालमीत मार्गारेट वाइज ब्राउन ही लेखिका तयार झाली. तिचे ‘गुडनाइट मून’ 1947 साली निघाले. त्यात कथा अशी नाहीच. अंथरुणात पडलेले सशाचे पिल्लू खोलीतल्या एकेका वस्तूचा झोपण्यापूर्वी निरोप घेते, एवढेच. मूरबाई तेव्हा निवृत्त झालेल्या होत्या, तरी त्यांची आवडनिवड ग्रंथालयात अजून मुरलेली होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते पुस्तक घेतले नाही.

त्याआधी दोन वर्षे, 1945 साली, ई. बी. व्हाइट या नामवंत लेखकाचे ‘स्टुअर्ट लिटल’ छापून होत होते. न्यूयॉर्कमधील एका माणसांच्या कुटुंबात उंदरासारखा मुलगा जन्मतो, त्याची ही गंमतकथा. मुलांसाठी लिहा म्हणून व्हाइट यांच्यामागे लागणाऱ्यांत खुद्द मूरबाई होत्या. परंतु कच्ची मुद्रिते वाचून त्यांना धक्का बसला. खरे आणि कल्पित यांची अशी सरमिसळ मुलांना झेपणार नाही असे त्यांना वाटले आणि हे पुस्तक प्रसिद्ध करू नका, अशी लांबलचक पत्रे त्यांनी लेखकाच्या पत्नीला व संपादिकेला लिहिली. लेखकाने मानले नाही. पुस्तक निघाले आणि मुलांनी ते डोक्यावर घेतले.

मूरबाई दुष्ट नव्हत्या, मत्सरी तर मुळीच नव्हत्या. मुलांच्या हाती सोने पडावे, पितळ पडू नये, हाच त्यांचा ध्यास होता. मात्र सोन्याचा कस लावावयाचा दगड जन्मभर एकच वापरला, ही त्यांची चूक. चाळीस वर्षे मुलांच्या निवडीवर विश्वास ठेवण्याचे शिक्षण त्यांनी इतरांना दिले आणि अखेरीस मुलांनी काय निवडावे हे स्वतःच ठरविले.

1941 साली सत्तराव्या वर्षी नियमानुसार त्यांना निवृत्त व्हावे लागले. त्यांच्या जागी फ्रान्सिस क्लार्क सेयर्स आल्या. पण मूरबाई बैठकांना येतच राहिल्या. सेयर्सबाईंनी बैठकीची जागा बदलून पाहिली, तरी त्या नेमक्या तेथे हजर! नव्या बाईंची केवढी कुचंबणा झाली असेल! आमच्याकडेही गादी सोपविल्यावर खाँसाहेब बैठकीत पुढेच बसतात आणि शिष्याच्या प्रत्येक सुराला भुवई उंचावतात, तेव्हा शिष्याचा गळा कसा आवळतो ते मी पाहिले आहे. असे असूनही मूरबाईंचे विस्तृत चरित्र 1972 साली लिहिले ते याच सेयर्सबाईंनी, आणि आदराने लिहिले. माणसाचे मोठेपण आणि त्याचा जाच, दोन्ही सोसलेल्या व्यक्तीनेच ते लिहावे हे योग्यच झाले.

20 जानेवारी 1961 रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी मूरबाई वारल्या. त्याच वर्षी ऑगस्टा बेकर शहराच्या साऱ्या बालविभागांच्या प्रमुख झाल्या. 1972 साली, पंचवीस वर्षांनंतर, ‘गुडनाइट मून’ त्या ग्रंथालयाच्या कपाटात आले. आणि 2020 साली ग्रंथालयाला 125 वर्षे झाली, तेव्हा आजवर वाचकांनी सर्वांत जास्त वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढण्यात आली. पहिला क्रमांक आला तो मोठ्यांच्या कादंबरीचा नव्हे. एझ्रा जॅक कीट्स यांचे, बर्फात खेळणाऱ्या एका लहान काळ्या मुलाचे चित्रपुस्तक, 1962 साली निघालेले, ते पहिले आले. 4 लाख 85 हजारांहून अधिक वेळा ते घरोघर गेले होते. ‘गुडनाइट मून’ पहिल्या दहांत बसले नाही. ते पाव शतक कपाटातच नव्हते, म्हणून बसले नाही, असा खुलासा ग्रंथालयाने त्या यादीबरोबर मोकळेपणाने केला. चूक कबूल करण्याची ही रीत मला आवडली.

हे सारे मी का सांगत बसलो, याचा उलगडा आता करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक चौदा वर्षांचा मुलगा येई. गळा गोड, लयीला पक्का. एके दिवशी सिनेमातले एक गाणे घेऊन आला आणि ते बसवून द्या म्हणाला. मी पेटी मिटली. असले येथे चालणार नाही, असे चार मुलांदेखत सुनावले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पुढच्या गणेशोत्सवात आमच्याच वाड्यापलीकडच्या मंडळात त्याने तेच गाणे म्हटले. अंतऱ्यात त्याने घेतलेली एक तान मी शिकविलेली होती. मी मांडवामागे उभा राहून शेवटपर्यंत ऐकले आणि त्याला न भेटता घरी आलो. तेव्हा मला वाटले होते की मी घराण्याची शिस्त राखली. मूरबाईंच्या मेजावरचा तो शिक्का वाचला, तेव्हा आपल्या हातात काय होते ते कळले.

वडील गेल्यावर शिसवी पेटी उघडली. बऱ्याच वह्यांना वाळवी लागली होती. काही चिजांचे मुखडे तेवढे उरले होते. अंतरे वडिलांबरोबर गेले. ज्या शहरात 1886 साली मौलाबक्षांनी गायनशाळा उघडली आणि 1916 साली भातखंड्यांनी देशभरच्या गुणिजनांना गोळा करून संगीत परिषद भरविली, त्याच शहरात आमच्या घरी हे घडले.

पेटीचे ते कुलूप मी काढून टाकले आहे. उरल्यासुरल्या वह्या नव्याने उतरवून वर्गातल्या उघड्या फळीवर, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर ठेवल्या आहेत. कुणी काय म्हणावयाचे ते त्याने घेऊन यावे, आपण बसवून पाहू, असे आता सांगतो. अट एकच ठेवली आहे. वही उघडण्यापूर्वी हात धुऊन यावे.